अठरा वर्षांनंतर काय?

महोदय,

दहावीचा निकाल लागला की करिअर मार्गदर्शनाच्या पुरवण्या निघतात. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षम मुलांसाठी त्यांत सहसा ओळही नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत दिला. पुढे अनेक मुलं घरी बसतात आणि शिकलेलंही विसरत जातात. माझी मुलगी विशेष शाळेत पणत्या रंगवायला, कागदी पिशव्या चिकटवायला शिकली. पण एसटीत तिकीट काढून सुटे पैसे मोजून घेणं कुणी शिकवलं नाही. मला तर नोकरीच्याही आधी हेच महत्त्वाचं वाटतं.

शिवाय मूल सज्ञान झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. हे पालकांना बँकेच्या खिडकीवर काम अडल्यावर कळावं का? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), दिव्यांगांसाठीचा 'निरामय' आरोग्य विमा यांचीही माहिती पालकच एकमेकांना देतात.

चौदाव्या-पंधराव्या वर्षीच अशा प्रत्येक मुलाचा शाळेनंतरच्या आयुष्याचा लेखी आराखडा शाळेने पालकांसोबत बसून करावा, आणि त्या बैठकीत मुलालाही त्याला काय करायला आवडेल ते विचारावं. शिक्षण विभागाने तसा आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

एक पालक, सातारा