उसनी दिलेली जीभ

काका, साष्टांग नमस्कार.

हा नमस्कार खरं तर समोर येऊन घालायचा. पण समोर आले की तुम्ही "बस की, चहा घे" म्हणत विषय बदलता, माझा गळा भरून येतो आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीला ते सांगावंही लागणार नाही.

त्या दुपारी तुम्ही दार वाजवलंत तेव्हा मी कणीक मळत होते. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. वास भिंतीपलीकडे तुमच्या परसात पोचला होता. शेगडीपासून दोन हातांवर मी उभी होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तुम्ही सरळ आत आलात, रेग्युलेटर बंद केलात, दोन्ही खिडक्या उघडल्यात. माझा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे निघाला होता, तो मनगटाशी धरलात. पुढं कधीतरी वाचलं की गॅसला स्वतःचा वास नसतोच. गळती माणसाला कळावी म्हणून त्यात तो उग्र वास मुद्दाम मिसळतात. सगळ्यांसाठी केलेली ती सोय माझ्यापुरती बंद पडली होती.

"तुला वास आला नाही काय?" असं कुणीही विचारलं असतं. तुम्ही विचारलंत, "किती दिवस झाले?"

काका, श्रावणातल्या तापानंतर माझा वास गेला. तुम्ही आलात तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. त्या चार महिन्यांत हे मी किती जणांना सांगितलं असेल. एका डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "जिवाला धोका नाही ना? मग येईल तेव्हा येईल." फी मात्र पूर्ण घेतली. एक नातेवाईक म्हणाल्या, बरंच झालं, आता गटारीचा वास यायचा नाही. जिथं वर्षानुवर्षं दिवाळीला माझा कुंदा, आटवलेल्या दुधाची ती मिठाई, जात होता, त्या घरातून यंदा तोंडावर "उत्तम" आलं आणि पाठीमागं "हिच्या हाताची चव गेली" असं सांगण्यात आलं. पाठीमागं बोललं त्याचं दुःख कमी आहे. हेच मला तोंडावर सांगितलं असतं तर मी कुंदा परत आटवला असता, हे दुःख जास्त आहे.

आणि घरचे. घरच्यांवर मी रागावत नाही, त्यांचं प्रेमच आहे. पण ते सगळे "छान" म्हणत होते. आमटी छान, भाजी छान, सगळंच छान. आणि जेवताना तांब्यावर तांब्या पाणी पीत होते.

नाक गेलं म्हणजे जीभ जात नाही. खारट, आंबट, गोड, कडू कळतं, तिखट झोंबतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, धन्याची, खोबऱ्याची, तव्यावरून उतरलेल्या भाकरीची, ती घशामागून नाकात पोचते तेव्हाच कळते. ती गेली की अन्न सपाट लागतं. सपाट लागतं म्हणून बाई मीठ वाढवते. मी चार महिने मीठ वाढवत होते आणि एकानंही मला थांबवलं नाही.

तुम्ही त्या दिवशी खिडकीपाशी उभ्या उभ्या वाटीभर आमटी प्यायलात आणि म्हणालात, "पोरी, खारट केलीस. आणि मसाला कच्चा हाय." मी ओट्याला टेकून हमसून रडले. तुम्हाला वाटलं तुम्ही मला दुखवलंत. काका, त्या चार महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला कुणीतरी पहिल्यांदाच स्वयंपाक मानलं होतं.

लेक-जावई आणि तिची सासरची माणसं पुण्याहून रविवारी जेवायला यायची होती. लग्नानंतर पहिल्यांदाच. लेकीनं यादीच पाठवली होती: मटण आणि ज्वारीची भाकरी, रताळ्याचा पाव, कुंदा, आणि जेवणाआधी कोकमाचं ते पेय, जिन घालून. मी सगळं हॉटेलातून मागवायचं ठरवलं होतं. कुणाला कारण सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही बोटं मोजलीत आणि म्हणालात, "सोमवार ते रविवार. सात दिवस हाईत की. मी येतो."

सोमवारी दहाच्या ठोक्याला आलात. आधी मोरीवर जाऊन कोमट पाण्यानं चूळ भरलीत, एकदा नाही, तीनदा, मग पाटावर बसलात. रोज तेच. मला वाटलं फौजेची शिस्त. कॅम्पातल्या मेसमध्ये बारवर अर्धं आयुष्य काढलेला माणूस, असेल एखादी सवय. मी विचारलंही नाही.

सोमवार-मंगळवार नुसता मसाला भाजण्यात गेला. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, हे मला झोपेतही येतं. पण मिरची आणि खोबरं करपायच्या आधी क्षणभर जी खबर देतात, ती नाकालाच देतात. पहिले दोन घाणे टाकून दिले. मग तुम्ही म्हणालात, नाक नाही तर कान हाय. तीळ तडतडायचे थांबतात कधी ते ऐक. खोबऱ्याचा कीस कढईत फिरताना आधी ओला आवाज करतो, मग वाळल्या पाल्यासारखा, ते ऐक. तीस वर्षं मसाला भाजते मी, हे कधी ऐकलंच नव्हतं.

बुधवारचा पाव मात्र मला शब्दाशब्दानं सांगायचा आहे.

खानापूरकडची रताळी बाजारात आली होतीच. पाव किलो उकडून कुस्करली, अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम यीस्ट, 10 ग्रॅम मीठ. आपल्याकडच्या त्या थंडीत पीठ फुगायला दुप्पट वेळ लागला, ते गोधडीत गुंडाळून ठेवलं. ओव्हन 190 अंशांवर. पाव आत सरकवला आणि मी नेहमीसारखी ओट्याकडे वळले, तर तुम्ही म्हणालात, "इथं बस. डोळे मीट." आणि पुढची 40 मिनिटं तुम्ही ओव्हनसमोर उकिडवे बसून मला वास सांगत राहिलात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांवर.

"अजून काही न्हाई. ओल्या पिठाचा." मग बराच वेळ गप्प. "आता ताकासारखा आंबूस." "आता रताळं आलं बग, चुलीत भाजतात तसं." "आता भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा." मग एकदम, "आता गूळ. गुळाचा काकवीसारखा. काढ, काढ!"

काका, मला वास आला नाही. पण तुम्ही "चुलीत भाजलेलं रताळं" म्हणालात आणि मी सात वर्षांची होऊन आजीच्या चुलीपुढं बसले होते. राखेतून काढलेलं रताळं या हातातून त्या हातात झेलत होते. पाव बाहेर काढून उलटा केला, तळाला बोटानं वाजवला, पोकळ वाजला. अर्धा पाव आम्ही तिथंच उभ्यानं संपवला, नुसत्या लोण्याबरोबर.

गुरुवारी कुंदा. दूध, साखर आणि दह्याचा तो चमचा, आणि मग तासन् तास ढवळणं. तो ढवळताना गप्पा झाल्या, त्या आपल्यातच राहू देत. कडा सोडायला लागला की रंग बघायचा, पितळेसारखा. तो जमला. यंदाच्या दिवाळीपेक्षा कितीतरी चांगला जमला.

शुक्रवारी तुम्ही म्हणालात, आज मी बोलणार न्हाई, आज तूच. आणि बर्फ मागवलात. मी म्हटलं, काका, ते तर सगळ्यात अवघड, मला जिनचा वास कुठला कळतोय. तुम्ही म्हणालात, जिनचं तिचं ती बघेल. आंबट आणि गोड यांचं भांडण मिटवायचं काम जिभेचं, आणि जीभ तुझी ठणठणीत हाय. जिन 60 मिली, लिंबाचा रस 20, साखरेचा पाक 20, वर चमचाभर कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, वेगळं घालायचं नाही. झाकणाच्या स्टीलच्या बरणीत बर्फ घालून हलवायचं, बरणीला बाहेरून दव धरेपर्यंत, बर्फाचा खणखण आवाज मऊ पडेपर्यंत. पहिलं मी बर्फ घालायच्या आधी चाखून बरोबर केलं होतं आणि ओतल्यावर आंबटढाण लागलं. थंडाव्यात गोडी दबते, हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत. मला सापडू दिलंत. तिसऱ्या खेपेला मी स्वतःच थांबले. कुणाला न विचारता म्हणाले, "झालं." तुम्ही एक थेंब हाताच्या पाठीवर घेऊन चाखलात आणि नुसती मान हलवलीत. चार महिन्यांनी माझ्या जिभेनं घेतलेला तो पहिला निर्णय. विहीणबाई घेत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आगळ, आल्याचा रस, गूळ आणि सोडा असं वेगळं केलं. तेही माझं मीच ठरवलं.

रविवार उत्तम झाला. बेळगावी बासमतीचा भात शिजत होता तेव्हा जावई दारातूनच म्हणाला, काय वास सुटलाय. मी मुकाट्यानं आत गेले. विहीणबाईंनी पाव दोनदा मागून घेतला. लेकीनं पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, आला का गं वास परत?" मी म्हटलं नाही, शेजारून उसना आणलाय.

पण हे पत्र मी रविवारसाठी लिहीत नाहीये.

सोमवारी काकू डबा परत द्यायला आल्या. घरात त्यांचं कन्नड चालतं, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्या रागावलेल्याच होत्या. म्हणाल्या, आठ दिवस माणूस धड झोपला नाही, डोकं धरून बसायचा, माझ्यावर खेकसायचा. मी घाबरले, विचारलं काय झालं होतं. त्या म्हणाल्या, "तंबाखू सोडली होती की तुझ्यासाठी. तोंड साफ नसलं तर पोरीला खरं कसं सांगू, म्हणाला."

पन्नास वर्षांची तंबाखू. ती निपाणीची तंबाखू आणि चंची भरतीच्या दिवसापासून खिशात आहे, असं तुम्हीच सांगता. आदल्या रविवारी रात्री ती तुम्ही काकूंच्या हातात दिलीत आणि सात दिवस मागितली नाहीत. ती तीनदा भरलेली चूळ. ओव्हनसमोर बसल्यावर हाताला सुटलेला कंप, जो मला म्हातारपणाचा वाटला. मधूनच रिकाम्या खिशाकडे जाणारा हात. सगळं माझ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही. एका अक्षरानं तुम्ही सांगितलं नाहीत. तुमचं डोकं फुटत होतं आणि तुम्ही मला म्हणत होतात, "आता गूळ. काढ, काढ!"

मला मदत करणाऱ्यांची मी पुष्कळ रूपं पाहिली या काळात. सल्ला देणारे, देवाचा अंगारा देणारे, "मी सांगितलं होतं ना" म्हणणारे. कुणाला वाईट म्हणत नाही. पण आपली जीभ दुसऱ्याच्या आमटीसाठी घासून स्वच्छ करून आणणारा माणूस मी पाहिला नव्हता. गावात अशी माणसं आहेत, हे आता मला दिसायला लागलंय. बाजारातली रताळीवाली मावशी आता न सांगता कोथिंबिरीची काडी मोडून स्वतः हुंगते आणि जुनी जुडी बाजूला काढते. मिरचीचं दुकान चालवणारा पोरगा पोत्यात हात घालून म्हणतो, ही नको, हिला कुबट वास लागलाय. कुणी शिकवलं त्यांना? पैसे घेऊन मान वर न करणाऱ्यांना कुणी का शिकवलं नाही?

वास परत येतोय का, असं तुम्ही विचारत होतात म्हणून सांगते. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ हुंगते. जर्मनीतल्या थॉमस हुमेल नावाच्या डॉक्टरांनी 2009 साली ही पद्धत मांडली, 12 आठवडे नेमानं करायची असते. त्या बाटल्या धुऊन, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवून तुम्हीच दिल्यात. गुलाब, लिंबू अजून मुकेच आहेत. परवा लवंगेच्या बाटलीत क्षणभर काहीतरी हललं. वास म्हणवत नाही अजून, पण काहीतरी होतं. खोटं सांगायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकले.

चंची परत खिशात आली का, हे मी काकूंना विचारलेलं नाही. तो तुमचा आणि त्यांचा मामला.

शुक्रवारी थोडी चटणी करायला घेते आहे. बेडगी निवडून ठेवली आहे, संकेश्वरी उन्हात आहे. दहाला या. मोरीपाशी कोमट पाण्याचा तांब्या भरून ठेवते.

तुमची,
भिंतीपलीकडची पोरगी