‘खंबीर राहा’ म्हटल्याने कुणी खंबीर होत नाही

महोदय,

स्तनाच्या कर्करोगावरचा लेख असो की भेटायला आलेले नातेवाईक, शेवटचे वाक्य ठरलेले: ‘सकारात्मक राहा, निम्मी लढाई तिथेच जिंकाल.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण रुग्णाच्या मनात भलतेच घर करून बसते. ‘काल रात्री मी रडले, त्याने आजार वाढेल का?’ नाही वाढणार. गटोपचाराने, म्हणजे रुग्णांनी समुपदेशकासोबत गटात बसून मन मोकळे केल्याने, आयुष्य वाढते, अशी आशा १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासाने दाखवली होती. २००१ मधल्या त्याहून मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, तेही आधीच जास्त खचलेल्या स्त्रियांमध्ये. मनाची काळजी घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

सुरुवात मोजण्यापासून व्हावी. ‘गेल्या आठवड्यात मनाला त्रास किती झाला, ० ते १० मध्ये सांगा.’ आकडा ४ किंवा जास्त आला, की थांबून कारण विचारायचे: झोप, दुखणे, पैसा, मुले, जोडीदाराशी अबोला? हे निदानाच्या वेळी एकदा विचारून भागत नाही. शस्त्रक्रियेआधी, प्रत्येक किमोला, रेडिएशन संपताना पुन्हा विचारावे लागते. कारण नेमके सापडले, की उपाय बरेचदा छोटा निघतो. किमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असेल तर दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, चिडचिड होते आणि औषध थांबले की एकदम गळून गेल्यासारखे वाटते. रुग्णाला वाटते, आपला मनावरचा ताबाच सुटला. वहीत तारखा मांडल्या तर किमोच्या प्रत्येक फेरीला तेच दिवस वाईट जातात, हे उघड दिसते. मग गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येते.

‘विचार करू नकोस’ हे कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा काळजीसाठी रोज २० मिनिटे राखून ठेवावीत. संध्याकाळी खुर्चीत बसून कागदावर दोन रकाने आखावेत: ज्यावर उद्या काही करता येईल ते एकीकडे, हातात नाही ते दुसरीकडे. एरवी विचार आला की ‘सहा वाजता बघू’ म्हणून पुढे ढकलायचा. हे फसते ते बहुधा अंथरुणात केल्यामुळे. मग पाठ टेकली की काळजी सुरू, अशी सवय लागते.

डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे चालावे, किमान १२ आठवडे. थकवा, चिंता, उदासी तिन्ही कमी होतात. सुरुवात १० मिनिटांपासून करावी. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी खूप चालले, की पुढचे दोन दिवस झोपून काढावे लागतात.

उदासीवर गोळी लागली तर त्यात कमीपणा नाही. मात्र टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोन रोखणारी गोळी) चालू असल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही उदासीवरची औषधे यकृतात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होण्यात अडथळा आणतात; वेनलाफॅक्सिन हे उदासीवरचे दुसरे औषध सहसा चालते. चालू गोळी स्वतःहून बंद करू नये.

घरच्यांनी ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नये, कारण ती सांगत नाही. ‘मंगळवारी डॉक्टरांकडे मी येते, ते सांगतील ते लिहून घेते,’ असे नेमके बोलावे.

सर्वांत दुर्लक्षित काळ म्हणजे उपचार संपल्यानंतरचा. सगळे म्हणतात ‘सुटलीस’, आणि तिची भीती तेव्हा वाढते, तपासणीची तारीख जवळ आली की आणखीच. कोणते लक्षण किती दिवस टिकले तर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. तो कागद समोर असला, की पाठीतली प्रत्येक कळ म्हणजे आजार परतला, असे वाटणे कमी होते. दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल तर तज्ज्ञ गाठावा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

वजन आणि रक्तदाबाच्या नोंदीशेजारी मनाच्या त्रासाच्या या आकड्यासाठीही केसपेपरवर एक चौकट असावी, अशी आमची मागणी आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत ० ते १० चा हा प्रश्न छापलात, तर रुग्ण तो कापून सोबत घेऊन जातील.

– कर्करोगग्रस्तांसोबत काम करणारे समुपदेशक