तुझे पंधरा तुकडे

वेंगुर्ले,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत तुझे पत्र आले, त्याला मी उत्तर दिले नाही. कारणे पुष्कळ सांगता येतील, पण त्यांतले एकही खरे नसल्यामुळे ती सोडून देतो. आईचे गुडघे होते तसेच आहेत, माझी साखर ताब्यात आहे आणि पाऊस लागून राहिला आहे, प्रकृतीचे एवढेच. आज लिहायला बसलो, कारण परवा मला तुझे पंधरा तुकडे सापडले.

मखराचे सामान काढण्यासाठी माळ्यावर चढलो होतो. मोदकपात्राच्या मागे बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा निघाला. आत ओरिगामीच्या गोळ्यासाठी घोटीव कागदाच्या घड्या घालून केलेले पाच तांबडे, पाच पिवळे आणि पाच हिरवे तुकडे, काकूंच्या शिवणाच्या दोऱ्याने बांधलेले, आणि त्यांच्याखाली घडी घातलेले ते आकृत्यांचे पान. या घडीला ज्यांचे नाव आहे ते पानावरचे सोनोबे हे नाव वाचल्याबरोबर तू त्या जपानी गृहस्थांना सोनबा म्हणत असस ते आठवले आणि शिडीवर एकटाच हसलो. खाली येऊन दोरा सोडला आणि मी हल्लीच केलेल्या एका तुकड्याचे टोक सवयीने तुझ्या तुकड्याच्या खिशात सारायला गेलो. ते गेले नाही. नववीत असतानाही गेले नव्हते.

त्या वर्षी एकाचे टोक दुसऱ्याच्या घडीतल्या खिशात सारून जोडलेला तीस तुकड्यांचा गोळा मखरावर टांगायचा असे आपण ठरवले होते, पंधरा तुझे आणि पंधरा माझे. व्हाळाला पाणी आल्यामुळे चार दिवस कोणालाच इकडून तिकडे जाता आले नाही, म्हणून आपण आपापल्या घरी घड्या घातल्या आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री आमच्या पडवीत बसून जोडू लागलो. माझे तुकडे एकमेकांत बसत होते, तुझे एकमेकांत बसत होते, पण तुझा आणि माझा मात्र काही केल्या बसेना. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत सांगितले की अनंताने सगळे तुकडे उफराटे केले आहेत. आजोबांनीही माझीच बाजू घेतली. घर आमचे, गणपती आमचा, मग दुसरा निकाल कसा लागणार? तू तुकडे तिथेच टाकून गेलास, आरतीला आला नाहीस, आणि थेट नरकचतुर्दशीला कारीट फोडताना माझ्याशी बोललास, तेही माझा पाय तुझ्या कारटावर पडला म्हणून.

परवा ते पान उलगडून दोन्ही तुकडे त्यावर ठेवून पाहिले. तुझा तुकडा पानाप्रमाणे आहे. उफराटा आहे तो माझा.

हे कसे झाले याचा दोन रात्री विचार केला आणि शेवटी तुमची ओटी डोळ्यांपुढे आली. घडी मला तूच शिकवलीस, आणि तेव्हा मी तुझ्या समोर बसलो होतो. तुझा उजवा हात जिकडे जाई तिकडे मी माझा डावा नेत होतो. पान पुढे महिनाभर माझ्याकडेच पडून होते, पण मला सगळे येते अशी समजूत असल्यामुळे मी ते उघडलेही नाही. फरक म्हटला तर एवढाच असतो की कागदाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांपैकी कोणती जोडी आधी दुमडायची. तिथे बदल झाला की पुढे होणारा तिरपा चौकोन डावीऐवजी उजवीकडे कलतो आणि खिशांची तोंडेही फिरतात. तीसही तुकडे एकाच कलाचे असतील तर कोणताही कल चालतो, त्यामुळे चूक कोणाचीच नव्हती असे म्हणून मला सुटता आले असते. पण मी त्या रात्री तसे म्हणालो नव्हतो.

रंगांचे भांडणही याच वेळी आठवले. प्रत्येक रंगाचे दहा तुकडे घेतले तर गोळ्यावर वर येणाऱ्या वीसही शिखरांवर तिन्ही रंग येतात, इथपर्यंत आपले एकमत होते. पण जिथे पाच शिखरे एकत्र येतात तिथल्या पाच तुकड्यांत एक रंग एकदा आणि उरलेले दोन दोनदाच येणार, असे तू म्हणत होतास आणि नीट लावले तर तिन्ही सारखे येतील, असे मी म्हणत होतो. पाच भागिले तीन करण्याइतके गणित मला तेव्हा का येत नव्हते, हे गुरुजींनाच ठाऊक.

आता खरी अडचण ऐक. २०१८ साली थर्मोकोलवर बंदी आल्यापासून आमचे मखर कागदाचेच असते आणि दर वर्षी त्यावर माझा गोळा असतो. वाडीतल्या निदान वीस मुलांना मी ही घडी शिकवली आहे आणि ती सगळी उफराटीच घालतात. म्हणजे तुझ्यावर ठेवलेला आळ मी इतकी वर्षे घरोघर वाटत आलो. या वर्षी तुझ्या तुकड्यांचाच गोळा पुरा करावा असे मनात आहे, पण मला तो हात येत नाही. पान समोर ठेवून बसलो, तरी तिसऱ्या घडीला बोटे आपल्या वाटेने जातात. शेवटी कपाटाच्या आरशापुढे बसून पाहिले, तेव्हा पुतणीने आईला बोलावून आणले. त्यात कागद सादळलेला. नखाने कितीही दाबले तरी घडी कडक बसत नाही आणि टोक खिशातून सुटते. कोमट इस्त्री फिरवून थोडे काम भागते. असा जोडलेला ठोकळा जपानात १७३४ साली छापलेल्या एका पुस्तकाच्या चित्रात आहे, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेण्याच्या पाच वर्षे आधीचा. तिथल्या पावसाळ्यात ते लोक काय करीत असतील कोण जाणे.

आणखी एक सांगायचे आहे, ते मुद्दामच शेवटी ठेवले होते. तुझे तुकडे अजून जोडाला टिकतात का हे पाहताना त्यांतला एक फाटला. तांबडा. कागद जुना झाल्यामुळे घडीवर आधीच पांढरा पडला होता, पण मी जोर केला हेही खरे.

म्हणून सोळा कागद कापून सोबत पाठवीत आहे, सहा तांबडे, पाच पिवळे आणि पाच हिरवे. घड्या तू घाल आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी घेऊन ये. वहिनींच्या बदलीचे काय झाले? चिरंजीवांचा निकाल चांगला लागल्याचे कळले, त्यांना आशीर्वाद. तिकीट मिळाले तर गाडी कुडाळला किती वाजता पोचते ते कळव, मी येतो. गणपतीवर टांगायच्या माटवीची कवंडळे आणि सुपारीचे घोस आदल्या दुपारीच आणून ठेवतो, म्हणजे रात्र मोकळी राहील. शेवटचे तीन तुकडे बसवताना गोळा धरायला एक माणूस लागतोच. या वेळी मी तुझ्या शेजारी बसेन.

तुझा,
बाळू

ता. क. हिरवा कागद सावंतवाडीहून आणला आहे. जुन्यापेक्षा थोडा गडद आहे, त्यावरून ओरडू नकोस.