अध्यक्षांची खुर्ची आणि पुस्तकांची यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाची बातमी मराठी वृत्तपत्रात कोणत्या निमित्ताने येते, याची कात्रणे मी निवृत्तीनंतर जमवू लागलो. पुरस्कार मिळाला, सत्कार झाला, संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले किंवा निधन झाले, तर बातमी ठळक येते. नवा कथासंग्रह आला, जुन्याची आवृत्ती पुन्हा निघाली, किंवा लेखक येत्या रविवारी अमुक गावी वाचकांशी बोलणार आहे, अशी बातमी माझ्या फायलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहे. वाचकाला उपयोग असतो तो या दुसऱ्या प्रकारच्या बातमीचा, म्हणून हे पत्र.

उदाहरण डॉ. जयंत नारळीकर यांचेच घेतो, कारण त्यांच्याइतकी प्रसिद्धी दुसऱ्या कोणत्याही मराठी विज्ञानकथालेखकाच्या वाट्याला आलेली नाही, आणि त्यांच्याबाबत जे झाले ते इतरांबाबत अधिकच होत असणार. जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. 1878 मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या परंपरेत विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. मार्चमध्ये व्हायचे संमेलन करोनामुळे लांबले आणि 3 ते 5 डिसेंबर 2021 या दिवशी आडगावला भरले. आम्ही सिन्नरहून चौघे गेलो होतो. आदल्या दोन दिवसांच्या अवकाळी पावसाने गारठा पडला होता, चपला चिखलाने जड झाल्या होत्या, आणि मंडपात पोचल्यावर कळले की अध्यक्ष प्रकृतीच्या कारणाने प्रत्यक्ष येऊ शकलेले नाहीत. वयाच्या 83व्या वर्षी, त्या काळात आणि त्या हवेत, न येण्याचा निर्णय योग्यच होता. त्यावरून नंतर नापसंतीचे जे सूर उमटले, ते मला तेव्हाही पटले नाहीत आणि आजही पटत नाहीत.

त्या मंडपात मला आठवत होती ती त्यांचीच एक कथा. पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर, या प्रश्नावर उभी राहिलेली. तिचे नायक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक, नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेले. ट्रकशी टक्कर होऊन ते एका निराळ्याच इतिहासात जाऊन पडतात. तेथे आझाद मैदानावरच्या व्याख्यानात अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसताच, चुंबकाने लोखंड ओढावे तसे ते जाऊन तीत बसतात, आणि लांबलचक प्रास्ताविके व अध्यक्षीय समारोप यांना विटलेला तिथला श्रोतृवर्ग त्यांना अंडी आणि टोमॅटो मारून उठवतो. ज्या लेखकाने अध्यक्षाच्या खुर्चीची इतकी गोड टर उडवली, त्याच्याच संमेलनात खुर्ची रिकामी राहावी, हा योग एखाद्या बातमीदाराला सुचायला हरकत नव्हती. मी वाचलेल्या एकाही वृत्तांतात तो नव्हता. शेवटच्या दिवशी संपादक गिरीश कुबेर यांच्यावर झालेल्या शाईफेकीने पाने भरली, आणि अध्यक्षांच्या कथा राहून गेल्या.

माझी खरी तक्रार मात्र ग्रंथप्रदर्शनातली आहे. अध्यक्षांचे कथासंग्रह घ्यावेत म्हणून मी गाळ्यागाळ्यांतून हिंडलो. आत्मचरित्र जागोजाग होते, कारण त्याला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. खगोलशास्त्रावरचे त्यांचे लेखनही होते. कथांविषयी विचारल्यावर एका गाळ्यावरच्या मुलाने मला आधी बालसाहित्याच्या रांगेकडे पाठवले आणि तेथून परत आल्यावर ‘मागवावे लागेल’ असे सांगितले. तीन दिवसांचे संमेलन, अध्यक्ष विज्ञानकथाकार, आणि त्यांची कथा मागवावी लागणार! मुलाचा दोष नव्हता. कोणता संग्रह कोणाकडे आहे, कोणता संपला आहे, कशाचे पुनर्मुद्रण चालू आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि निवडीपासून संमेलनापर्यंतच्या दहा महिन्यांत वाचकालाही कोणी सांगितले नव्हते.

येथे विज्ञानकथेच्या प्रकाशनाची रीत लक्षात घ्यावी लागते. ही कथा बहुधा प्रथम दिवाळी अंकात येते. अंक महिना-दोन महिने विक्रीला असतो आणि मग रद्दीत किंवा वाचनालयाच्या माळ्यावर जातो. आठ-दहा कथा जमल्या की काही वर्षांनी संग्रह निघतो, त्याच्या मोजक्या प्रती छापल्या जातात, आणि त्या संपल्या की पुढची आवृत्ती प्रकाशकाच्या अंदाजावर अवलंबून राहते. कादंबरीची जाहिरात तरी होते. कथासंग्रह, त्यातही विज्ञानकथांचा, गुपचूप येतो आणि गुपचूप संपतो. अशा वेळी चार ओळींची प्रकाशनवार्ता ही लेखकावर केलेली मेहेरबानी नसते, पुस्तक वाचकापर्यंत पोचण्याचा तोच एक रस्ता असतो. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी या प्रकारात लिहिलेले किती पुस्तकरूपाने आज मिळते, हे मी विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवूनही पटकन सांगू शकत नाही. याउलट गंगाधरपंतांची तीच कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात असल्यामुळे देशभरातली मुले ती इंग्रजीत वाचतात. माझ्या नातवाने ती तशीच वाचली, आणि मूळ कथा मराठी आहे हे ऐकून तो माझ्याकडे संशयाने पाहू लागला.

परदेशात या लेखकांचे मेळावे कसे भरतात, याचा दाखला देणे भाग आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. महायुद्धाची काही वर्षे सोडता ते दरवर्षी नव्या गावी भरते. वाचक वर्गणी भरून सभासद होतात आणि त्यांच्याच मतांनी ह्यूगो पुरस्कार ठरतात. मला हेवा वाटतो तो मात्र पुरस्कारांचा नाही, तर तेथील एका लहानशा प्रथेचा: आधी नाव नोंदवलेले दहा-बारा वाचक एका टेबलाभोवती लेखकाबरोबर तासभर बसतात आणि गप्पा मारतात. कोणता लेखक कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, किती वाजता भेटणार हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते. तेथे सगळे आलबेल असते असे नाही. 2023 मध्ये चीनमधल्या चेंगडू येथे संमेलन झाले, तेव्हा काही पुस्तके आणि लेखक पुरस्काराच्या यादीतून कारण न देता वगळले गेल्याचे नंतर उघड झाले आणि मोठी नाचक्की झाली. पण ते उघड झाले याचे कारण मतांचे आकडे जाहीर करण्याची तेथे रीत आहे आणि ते आकडे तपासत बसणारे वाचक आहेत. आपल्याकडे अध्यक्षपदाची मतदानाने होणारी निवडणूक यवतमाळच्या संमेलनापासून बंद झाली. त्याने कटुता कमी झाली हे खरे, पण वाचकाचा या सोहळ्याशी मुळातच नसलेला संबंध त्यामुळे जुळला असेही नाही.

वाचकाशी संबंध कसा ठेवावा, हे खुद्द नारळीकरांनी दाखवून दिले होते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत. व्याख्यान संपले की मुले वह्या पुढे करीत. ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत. आमच्या शाळेची सहल तेथे गेली तेव्हा बहुतेक मुलांचा हिरमोड झाला आणि एसटीत बसेपर्यंत प्रश्न विसरलेही गेले. एका मुलीने मात्र कार्ड टाकले. उत्तर आले ते तिने मधल्या सुट्टीत वर्गात फिरवले आणि परत तिच्या हाती पडेपर्यंत त्याच्या एका कोपऱ्याला लोणच्याचे तेल लागले होते. आज ती स्वतः शिक्षिका आहे. कार्ड तिने जपून ठेवले आहे, डागासकट.

हा लेखक प्रसिद्धीपासून किती दूर राहून या क्षेत्रात आला, तेही सांगायला हवे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली होती. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. नावाच्या वजनाशिवाय कथा टिकते का, हे त्यांना पाहायचे होते. 20 मे 2025 रोजी ते गेले, तेव्हा मी चाळलेल्या वृत्तपत्रांत त्यांचे गुरू फ्रेड हॉइल, ‘आयुका’ आणि पद्मविभूषण यांना रकाने मिळाले आणि कथांना ‘त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या’ एवढे वाक्य. त्या ‘ही’चा मला राग येतो.

आता शंभरावे संमेलन तोंडावर आले आहे. आयोजकांना सांगण्याचा मला अधिकार नाही. आपल्याला मात्र एक नियमित वाचक म्हणून विनंती करतो. आपल्या साहित्यविषयक पानावर महिन्यातून एकदा तरी मराठी विज्ञानकथेची प्रकाशनवार्ता द्यावी आणि तीत पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पृष्ठे, किंमत आणि ते सध्या मिळते की नाही, एवढे असावे. प्रकाशन समारंभाला कोण कोण उपस्थित होते हे नसले तरी चालेल. लेखकाच्या जाहीर भेटीची सूचना कार्यक्रमाच्या चार दिवस आधी छापावी. दुसऱ्या दिवशी छायाचित्रासह येणाऱ्या वृत्तांतावरून आमच्या तालुक्यातल्या कोणालाही मागे जाऊन त्या कार्यक्रमाला बसता येत नाही. तसे यंत्र अजून कथांतच आहे.

सोबत माझ्या कपाटातल्या मराठी विज्ञानकथासंग्रहांची यादी जोडली आहे. जी पुस्तके मला दुकानांत विचारूनही दुसऱ्यांदा मिळाली नाहीत, त्यांच्यापुढे फुली केली आहे. त्यांतले एखादे आज मिळत असल्यास प्रकाशकांनी आपल्या पत्रातून कळवावे. मला दोन प्रती हव्या आहेत, एक शाळेच्या वाचनालयासाठी आणि एक नातवासाठी. यादी हाताने लिहिलेली आहे, आणि अक्षर माझेच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सिन्नर