रक्तदाब मोजता, तसे मीठही मोजा

मा. संपादक,

जागतिक हृदय दिनाच्या निमित्ताने सांगली-मिरजेत बीपी तपासणीची शिबिरे होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण माणूस जिना चढून येतो, बसल्या बसल्या सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो आणि वहीत 140/90 लिहिले जाते. हा आकडा भरवशाचा नाही. आधी लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे न बोलता बसावे, पाय जमिनीवर, उघडा दंड छातीच्या उंचीला टेकवलेला. हात लोंबता राहिला किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला, की बीपी जास्तच दिसते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. शिबिरात एवढा वेळ मिळत नसेल तर माणसे कमी तपासा, पण नीट तपासा.

हृदयविकार होऊच नये यासाठी आयुष्य वेचणारे शिकागोचे शास्त्रज्ञ जेरेमाया स्टॅम्लर (1919–2022) मोजणीबाबत असेच काटेकोर होते. मीठ आणि बीपी यांच्या नात्यावरचा, त्यांचा सहभाग असलेला 'इंटरसॉल्ट' अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. 32 देशांतल्या 52 ठिकाणची 10,079 माणसे त्यात होती. आपल्याकडची दिल्ली आणि लडाखही. किती मीठ खाता, असे विचारण्यावर ते विसंबून राहिले नाहीत. मिठातले बहुतेक सोडियम लघवीतून बाहेर पडते, म्हणून प्रत्येकाची 24 तासांची लघवी जमवली. सुरुवातीची टाकून द्यायची, नंतरची सगळी भांड्यात धरायची. एक वेळची जरी वाया गेली, तरी मीठ कमी भासते. जिथे मीठ फार कमी खाल्ले जाते, अशा चार दुर्गम वस्त्यांत बीपी कमी होतेच, शिवाय वयाबरोबर ते फारसे चढतही नव्हते. बीपी वयोमानाने वाढायचेच, असे आपण सहज म्हणून जातो!

घरी हा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरला पाहिजे. फोडताना त्यावर तारीख लिहून ठेवा. भडंग, फरसाण, विकतचे लोणचे-पापड यांतले मीठ वेगळेच, त्यामुळे पुडा त्याहूनही जास्त दिवस चालायला हवा. नुसते 'आम्ही वरून मीठ घेत नाही' म्हणून भागत नाही. आमटीत, भाकरीच्या पिठात, ठेच्यात ते आधीच पडलेले असते.

सैंधव खाल्ले म्हणून सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ मिळते, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली