बाबांचे देवीचे वण यंत्राने पुसले

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. त्याआधी हे पत्र आपल्या वाचनात यावं, म्हणून आजच लिहिते आहे.

माझे बाबा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचे. दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठायचे, ते होळीपर्यंत घरी क्वचितच दिसायचे. त्यांच्या एका नाटकाची व्हीएचएस कॅसेट आमच्या लोखंडी कपाटात होती. नागपूरचे कितीतरी उन्हाळे तिने सोसले, पावसाळ्यात बुरशीही धरली. मागच्या वर्षी एका दुकानातून ती डिजिटल करून, एआयने ‘फोर के’ करून घेतली. आईला शेजारी बसवून लावली. चित्र लख्ख होतं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, यांच्या गालावरचे देवीचे वण कुठं गेले?”

यंत्राने ते टेपवरचा कचरा समजून पुसले होते. मागच्या पडद्यावर नाट्यमंडळाचं नाव रंगवलेलं होतं. त्याच्या शिरोरेषा तेवढ्या राहिल्या, खाली अक्षरांच्या जागी भलतीच वेटोळी. दुकानदाराने आधीची फाईल ठेवली नाही, आणि ती कॅसेट आता चालत नाही.

असं का होतं, ते साधं आहे. टीव्हीचं जुनं चित्र डिजिटल केलं की साधारण ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं होतं. तेच ‘फोर के’साठी २८८० बाय २१६० केलं, की एका ठिपक्याचे १५ होतात. वाढलेले १४ यंत्र अंदाजाने भरतं, आणि त्याचा अंदाज म्हणजे आधी शिकलेली चित्रं. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचं तसं नाही. त्यात तपशील मुळातच भरपूर असतो, नीट स्कॅन केला की मिळतो. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ घ्या. त्यात तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत झालेला मला तरी बघवणार नाही.

एआयला माझा विरोध नाही. ओरखडे, धूळ, चित्राची थरथर काढायला ते जरूर वापरावं. फक्त शेजारी जाणकार माणूस बसलेला हवा.

माझं मागणं एवढंच, की शासनाच्या पैशातून जुना चित्रपट, मालिका किंवा नाटकाचं चित्रीकरण सुधारलं जाईल, तेव्हा हात न लावलेली मूळ डिजिटल प्रत कायम जपायची, ही अट निविदेतच घाला. सुधारलेल्या प्रतीवर एआयने काय भरलं, ते मराठीत लिहिलेलं असू द्या.

आणि आमच्या भागाचं वेगळं सांगते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण झाडीपट्टी फिल्मवर आलीच कुठे? ती आहे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या घराघरांतल्या कॅसेटींत. या कॅसेटी चालवणारे नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलं, आणि जुने दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. नागपुरात एक केंद्र काढा, जिथे बुरशी साफ करून टेप आधी जशीच्या तशी उतरवून घेतील.

बाबांच्या आणखी दोन कॅसेटी घरात आहेत. त्या मी अजून कुणाच्या हातात दिलेल्या नाहीत. केंद्र उघडलं, तर पहिल्याच दिवशी घेऊन येईन.

आपली नम्र,
नागपूरची एक रहिवासी