दुसरा डबा

लातूर,
येळवशीचा दुसरा दिवस

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या घरी काडतुसं भरण्यावरून बोलणं झालं आणि तू फोन ठेवलास, तो तसाच मनात अडकून बसलाय. ‘अण्णा, तुम्हाला यातलं काय कळतं,’ म्हणालास त्याचा राग नाही. कळत नाहीच. बंदूक मी जन्मात एकदा उडवली, ती आबांची ठासणीची, तीही आभाळाकडं तोंड करून. खांदा आठ दिवस ठणकत होता. पण वजन कळतं रे मला. चाळीस वर्षं काट्यासमोर मांडी घालून बसलोय.

पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे खरं तर. तू पाठवलेला तो कागदाचा फोटो मी गोलाईच्या सगळ्या बाजाराला दाखवून आलो. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या आणि पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात म्हटल्यावर सराफ लाइनीतल्या लोकांचा विश्वासच बसेना. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर. मी त्यांना सांगितलं, आपल्या दुकानापासून पार देवीच्या देवळाच्या पायरीवर ठेवलेलं नाणं समजा. वर हेही सांगितलं, की काडतुसं विकतची नाहीत, पोरानं स्वतः भरलेली आहेत. तेव्हा शेजारच्यानं विचारलं, ‘घरी? दारू भरतो?’ इथं कुणी घरी काडतूस भरलं तर पोलीस दारात येतील, म्हणून त्याचे डोळे मोठे झाले. मी छाती फुगवून हो म्हणालो आणि घरी येऊन रात्रभर कूस बदलत राहिलो.

रविवारी फोनवर दिसलेल्या तुझ्या त्या टेबलावर बंदुकीच्या दारूचे दोन डबे होते, महेश. एकाचं झाकण उघडं होतं.

असू दे. त्यावर नंतर लिहितो. किंवा नाहीच लिहीत.

तुझी पद्धत मला पटली, ते आधी सांगतो. दिवाळीला तू ठेवून गेलास ते भरणीचं पुस्तक बाळूकडून थोडं थोडं वाचून घेतो. पुस्तकातल्या दारूच्या कमाल मापापासून नाही, खालच्या मापापासून सुरुवात करायची. मग तीन-तीन दशांश ग्रेननं चढत जायचं, प्रत्येक मापाची पाच काडतुसं भरायची आणि कागदावर कुठलं माप गोळ्या एका जागी गोळा करतं ते बघायचं. ते माप सापडलं की मगच गोळी काडतुसाच्या पुंगळीत किती खोल बसवायची ते बदलून बघायचं, आणि तेव्हा बाकी काही हलवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट. उडालेल्या पुंगळीची टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी वाटी, चपटी झाली, रायफलचा बोल्ट उचलताना जड लागला, की थांबायचं आणि मागं यायचं. हे वाचलं आणि म्हटलं, हा तर आमचाच धंदा. कस लावताना आम्हीही असंच करतो.

आणि ग्रेन म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. इंग्रजी तोळा 180 ग्रेनचा, मासा 15 ग्रेनचा. गुंज जवळपास दोन ग्रेनची, जरा कमीच. तुझी ती रायफलची पुंगळी दीड-दोन माशांत भरते. तीन दशांश ग्रेन म्हणजे गुंजेचा सहावा हिस्सा. तेवढ्यानं गोळीचा नेम हलतो हे ऐकून तुझी आई हसली, मी नाही हसलो.

तुला आठवतं का, तू सात-आठ वर्षांचा असताना दुकानात गुंजांचा डबा घेऊन बसायचास? वेलीवरच्या गुंजा काही सारख्या नसतात. त्यातून तू सारख्या वजनाच्या निवडायचास. एकदा दुपारभर बसून साठ काढल्यास आणि एकही अर्ध्या केसानं इकडं-तिकडं नव्हती. पितळी पुंगळ्या वजन करून वेगळ्या ठेवतोस म्हणालास, तेव्हा मला तोच लाल डबा दिसला. आबा म्हणाले होते, हा पोरगा काट्यावर बसणार. तू कॉम्प्युटरवर बसलास. हरकत नाही, काटा शेवटी तुला सापडलाच. आणि तेव्हा तुझी आई ओरडली होती तेही आठव. गुंज विषारी असते, पोरानं तोंडात टाकली तर? तू म्हणालास, ‘मी काय लहान आहे का?’ रविवारी अगदी त्याच आवाजात बोललास.

तुझी चिऊ आता रांगते ना?

बघ, आलोच तिथं. तू म्हणालास, ‘अण्णा, रायफलची दारू पुंगळीत गळ्यापर्यंत येते, चुकून दोनदा भरली तर सांडेल, दिसेल.’ मान्य. पण दुसऱ्या डब्यात पिस्तुलाची दारू होती, हेही तूच सांगितलंस. ती भसकन जळते आणि थोड्याशा जागेत मावते. ती जर चुकून रायफलच्या पुंगळीत गेली, तर सांडणार नाही आणि दिसणारही नाही. मापकात उरलेली दारू परत ओतताना हात नेमका त्या उघड्या डब्याकडं गेला तर? दोन्ही करड्या. मला तर फोनवर फरक दिसला नाही, आणि तुझा फोन दोनदा वाजला त्या वेळात. पुस्तकातही तेच लिहिलंय बघ: टेबलावर एका वेळी एकच दारू. माझ्याकडून कशाला ऐकतोस, पुस्तकाचं ऐक.

झालं, लागलो उपदेश करायला. तुझी आई मागून म्हणतेय, लेकराला तिकडं बर्फात सुखानं दोन घास खाऊ द्या. चुकलं. पण काल येळवशीला शेतात गेलो होतो, म्हणून जीव जास्त वरखाली होतोय. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, सगळं झालं. बापूकाका आंबिलाचं गाडगं घेऊन आला, डाव्या हातानं, नेहमीसारखं. उजव्या हाताची दोन बोटं कशी गेली ते तुला अर्धवटच माहीत आहे. आम्ही पोरांना सांगायचं टाळायचो.

1972 चा दुष्काळ. खालच्या वावरात विहीर खोदत होते. काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हलायचा नाही. पाच बार ठासले, वाती पेटवल्या आणि सगळे लांब गेले. काका मोजत होता. एक, दोन, तीन. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी हाक मारली, ‘बापू, चहा आलाय रे.’ त्यानं मान वळवली. चौथा बार उडाला आणि त्याच्या डोक्यात पाच झाले. खाली उतरला तो. मी बारा वर्षांचा होतो, काठावर. पुढचं लिहीत नाही. बोटं गेली, डोळा गेला आणि माणूस वाचला. काका काही अडाणी नव्हता, वीस विहिरी काढल्या होत्या त्यानं.

काल त्याला तुझं काडतूस भरणं सांगितलं. तो म्हणाला, ‘नाही उडालं तर लगेच उघडू नको म्हणावं.’ मी म्हटलं, त्यांच्यातही तसाच नियम आहे, नळी निशाण्याकडंच धरून निदान अर्धा मिनिट थांबतात. त्यानं मान हलवली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आणखी एक, हे विचारायचंच राहिलं. तू म्हणतोस आता तिथं उणे पंधरा आहे, आणि माप तू याच थंडीत पक्कं केलंस. ती प्रेरी डॉग का काय, बिळातली खारीसारखी जनावरं, ती तू जूनमध्ये मारणार. उन्हात दारूचा जोर वाढतो म्हणे. गाडीच्या बंद काचेत काडतुसं तापली, तर आज बरोबर असलेलं माप तेव्हा जास्त ठरेल. उन्हाळ्यात परत खालून चढत ये. आपल्या परभणीचं ऊन आठव आणि तसं वाग.

(त्या जनावरांचं आईला सांगितलेलं नाही. ती माळकरी. तिला वाटतं तू कागदावरच नेम धरतोस. कुरणवाल्यानं बोलावलंय, बिळांनी त्याचं गवत जातंय, ते मला समजतं. इथंही रोही आणि डुकरं रात्रीत वावर साफ करतात. तरी मला ते आवडलं नाही, एवढंच. कागदावर तुझा हात जास्त शोभतो.)

प्राचीचा भाऊ वीस तारखेला निघतोय. त्याच्याबरोबर ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि एक लहान डबी देतोय. डबीत दुकानातलं शिक्का मारलेलं 2 ग्रॅमचं वजन आहे. चिमट्यानंच उचल, बोटाचा घाम लागू देऊ नको. तुझ्या काट्याचा धडा करून झाला की आधी हे ठेव. 2 ग्रॅम म्हणजे 30.86 ग्रेन. तुझ्या काट्याला एकच दशांश आहे, म्हणजे 30.9 दिसलं पाहिजे. 31.1 दिसलं तर त्या दिवशी भरू नको, उठून चिऊला फिरवून आण. पंखा किंवा ते गरम हवेचं यंत्र बंद कर. आबा काट्यावर बसले की दुकानात कुणी जोरात श्वासही घेत नसे, तुला माहीत आहे. भरून झाल्यावर हात साबणानं धू, टोपीत शिसं असतं, आणि मगच लेकराला उचल.

तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. साठ गुंजा निवडणारा पोरगा आहेस तू. पण विश्वास बापूकाकावरही होता.

आई विचारतेय, स्वेटरची बाही पुरते का.

तुझा,
अण्णा

ता. क. हे पत्र बाळू फोटो काढून पाठवेल, म्हणजे उद्याच मिळेल. दुसरा डबा कुठल्या खोलीत ठेवलास तेवढं कळव. फोटो पाठवलास तरी चालेल.